फोगाच्या मागावर: थरमधले सहा दिवस आणि त्यानंतरचे काही

पहिला दिवस : जोधपूर

सूर्यनगरी एक्स्प्रेस सकाळी जोधपूरला पोचली. आम्ही दोघी, मी आणि माझी विद्यार्थिनी. सामानात कपडे कमी आणि सिलिका जेलच जास्त. निळ्या दाण्यांच्या पाच किलोच्या पिशव्या, झाडं दाबून वाळवायची लाकडी चौकट, रद्दी वर्तमानपत्रं, छाटणीच्या कात्र्या, डझनभर पेन्सिली आणि चहाच्या रिकाम्या कागदी पुड्या. पेन्सिली एवढ्यासाठी की शाई घामाने पसरते आणि उन्हात उडते, शिसं मात्र वर्षानुवर्षं टिकतं.

हे सगळं फोगासाठी. थरच्या वाळूच्या टेकड्यांवर वाढणारं माणसाच्या उंचीचं हे झुडूप, कॅलिगोनम पॉलिगोनॉइडिस. आपल्या भाजीतला आंबट चुका आणि उपासाचा कुट्टू ज्या कुळातले, त्याच कुळातलं हे. दिसायला मात्र कुठेही चुक्याशी नातं सांगत नाही. फोगाला पानं येतात ती नखाएवढी, आणि लवकरच गळून जातात. मग अन्न तयार करायचं काम हिरव्या, सांध्यासांध्यांच्या काड्याच करतात. या अख्ख्या कुळात मका, ज्वारी, ऊस यांच्यासारखी अन्न तयार करायची ‘सी-४’ पद्धत उचलली ती फक्त फोगाच्या प्रजातीने. पानं टाकून दिलेल्या झाडाचं हरितलवक, म्हणजे पेशीत अन्न तयार करणारा हिरवा कण, आतून कसं असेल, हे कुतूहल मला कित्येक वर्षं होतं.

आणखी एक कारण होतं. हरितलवकाला स्वतःचा वेगळा डीएनए असतो, आणि बहुतेक सपुष्प वनस्पतींत तो फक्त आईकडून येतो. हे पहिल्यांदा लक्षात आलं ते आपल्या अंगणातल्या गुलबक्षीमुळे. १९०९ साली कार्ल कोरेन्स या जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञाने ठिपकेदार पानांच्या गुलबक्षीचे संकर करून पाहिले. पांढऱ्या फांदीवरच्या बीचं रोप पांढरंच उगवायचं आणि हिरव्या फांदीवरच्या बीचं हिरवंच, पराग कुठल्याही फांदीवरचा असो. म्हणजे वारा किंवा मधमाशी पराग कितीही दूर नेवो, हरितलवक जातं ते बी जाईल तिथवरच. फोगाचं बी जातं वाळूवरून गडगडत. त्यामुळे हरितलवकाचा जीनोम, म्हणजे त्याचा संपूर्ण डीएनए, वाचणं म्हणजे फोगाच्या आज्या-पणज्या वाळवंटात कुठून कुठे सरकल्या ते वाचणं.

दुपार भारतीय वनस्पती सर्वेक्षणाच्या इथल्या शुष्क प्रदेश केंद्रात वाळवलेले जुने नमुने पाहण्यात गेली. कॅलिगोनमच्या जाती ओळखायच्या त्या मुख्यतः फळावरून. फळावरच्या केसांची दाटी, त्यांच्या फांद्या, त्यांचा ठिसूळपणा, हे सगळं पाहावं लागतं. नुसत्या काडीवरून ठामपणे काही सांगता येत नाही. ही गोष्ट मी वहीत लिहून खाली रेघ ओढली. पुढे तिचाच हिशोब चुकता करावा लागला.

दुसरा दिवस : जोधपूर ते खुडी

जैसलमेर इथून २८० किलोमीटरच्या पुढेमागे. जीपवाले दादा बोलके होते, पण मी खिडकीबाहेरच पाहत होते. जोधपूरबाहेर खेजडी शेतांच्या मधोमध उभी होती, मग ती विरळ होत गेली आणि केर, आक, बुई ही झुडपं दिसू लागली. पोखरणनंतर जमीन दगडाळ झाली. जैसलमेरला न थांबता नैर्ऋत्येला खुडीकडे वळलो आणि संध्याकाळच्या तिरप्या उन्हात पहिल्या टेकड्या दिसल्या.

राष्ट्रीय मरुउद्यान इथून जवळच आहे. त्याच्या हद्दीत आम्ही काडीही तोडणार नव्हतो. परवानग्यांचे कागद होते ते उद्यानाबाहेरच्या जागांचे, आणि तेवढ्या आम्हाला पुरेशा होत्या.

तिसरा दिवस : टेकडीवर

पहाटे साडेसहाला बाहेर पडलो. वाळू गार होती, तिच्यावर रात्रभरात उमटलेल्या किड्यांच्या रांगोळ्या तशाच होत्या. मार्चचा मध्य म्हणजे फोग फुलायचा काळ. पहिलं झुडूप टेकडीच्या वाऱ्याकडच्या अंगाला दिसलं. जुनं खोड राखाडी, वेडंवाकडं, आणि त्यातून निघालेल्या हिरव्या काड्यांचा झुबका. काड्यांच्या सांध्यांवर गुलाबी-पांढरी फुलं, मुगाच्या दाण्याएवढी. मधमाश्या आमच्याआधी हजर होत्या.

झुडपाच्या वाऱ्याच्या बाजूची वाळू वाहून गेली होती आणि मुळं उघडी पडली होती. दोरखंडासारखी आडवी पसरलेली ती मुळं एक टोक धरून आम्ही पावलांनी मोजत गेलो. अकरा पावलांनंतर मूळ पुन्हा वाळूत शिरलं, तरी संपलेलं नव्हतं. ही टेकडी फोगावर उभी आहे की फोग टेकडीवर, असा प्रश्न तिथे खरोखर पडतो. झुडूप उपटलं की वाळू मोकळी होते.

आमची पद्धत साधी आहे. दोन झुडपांत निदान पन्नास मीटर अंतर ठेवायचं, म्हणजे एकाच मुळाचे दोन फुटवे दोन नमुने म्हणून घेतले जात नाहीत. प्रत्येकाची कोवळी काडी डीएनएसाठी आणि फुला-फळांसह एक फांदी दाबून ठेवायला. जागेचे अक्षांश-रेखांश, उंची, आसपासची झाडं यांची नोंद. काडीचे तुकडे कागदी पुडीत, पुडी सिलिका जेलच्या डबीत. काडीच्या दहापट वजनाचं जेल लागतं. मला या प्रकारात दर वेळी एक गंमत वाटते. वाळू म्हणजे मुख्यतः सिलिकाच आणि हे निळे दाणेही सिलिकाचेच, तेव्हा वाळूत वाढलेलं झाड वाळूच्याच भावंडात सुकवायचं.

सुकवणं घाईनेच व्हायला हवं. काडी तोडली की पेशी मरू लागतात आणि त्यांच्यातली विकरं (एन्झाइम) डीएनएचे तुकडे पाडतात. पाणी काढून घेतलं की विकरं थांबतात. इथेच आमच्याकडून चूक झाली. फोगाची काडी गोल असते आणि तिच्यावर मेणाचा थर असतो. पाणी जाऊ द्यायचं नाही हेच तर त्या मेणाचं काम. आम्ही पहिल्या सात झुडपांच्या काड्या नुसत्या आडव्या कापून भरल्या. दुपारी तंबूत येऊन पाहतो तर डब्यांतले दाणे निळ्याचे गुलाबी झालेले, म्हणजे पाणी शोषून शोषून जेल थकलं होतं, आणि काड्या अजून वाकत होत्या. नीट सुकलेली काडी वाकत नाही, कट्कन मोडते.

बाकीचा दिवस नवी रीत बसवण्यात गेला. काडी नखाने धरायची आणि ब्लेडने उभी चिरायची. आत मध्ये फिका गर दिसतो आणि त्याच्याभोवती बांगडीसारखं हिरवं कडं. आमचं सगळं काम त्या कड्यात होतं. भिंगातून ते कडं माझी विद्यार्थिनी बराच वेळ पाहत राहिली. “मॅडम, पानातलं सगळं इथे गुंडाळून ठेवलंय,” ती म्हणाली. सी-४ झाडांत कामाची वाटणी असते. बाहेरच्या पेशी हवेतला कार्बन डायऑक्साइड पकडतात, आतल्या पेशींत त्याची साखर होते. हॅच आणि स्लॅक या शास्त्रज्ञांनी १९६६ मध्ये उसाच्या पानात ही वाट उलगडून दाखवली. फोगाने तीच वाट गोल काडीत बसवली आहे.

पहिल्या सात नमुन्यांचं जेल बदललं, काड्या चिरल्या, पण बराच वेळ वाया गेलेला होता.

चौथा दिवस : खुडीच्या पुढे

कालच्यासारखंच काम, पण हात बसला होता. वीस झुडपं झाली. ती टिपून ठेवण्यापलीकडे सांगण्यासारखं फार नाही. खींप आणि सिणिया या झुडपांत फोग कुठे आहे हे आता लांबूनच ओळखू येत होतं. फोगाचा हिरवा रंग जरा निळसर, धुळीखालूनही वेगळा दिसतो.

दुपारी एक उंटवाले बाबा भेटले. त्यांचे उंट आमच्याच झुडपांवर चरत होते. “बाईसा, तुम्ही तोडता तेवढं तर माझा एक उंट एका घासात खातो,” ते म्हणाले आणि मग आमच्याजवळ वाळूत बसले. त्यांच्या लहानपणी या टेकड्यांवर फोग इतका दाट होता की उंट हरवला तर आवाजावरून शोधावा लागे. मुळांचा कोळसा कडक जळतो म्हणून लोहार तो मागत, गाड्या भरभरून मुळं जात. कळ्या वाळवून फोगला करतात, तो दह्यात घालून खातात. संध्याकाळी आमच्या जेवणात नेमका तोच होता. किंचित आंबट, किंचित मातकट.

त्यांनी विचारलं, यातून तुम्हाला काय मिळणार? मी म्हटलं, हे झुडूप कुणाचं लेकरू ते कळेल. त्यांनी मान हलवली. उंटांच्या वंशावळ्या त्यांना तोंडपाठ होत्या, आईच्या बाजूने.

पाचवा दिवस : मोहनगढ

खुडीहून परत जैसलमेर आणि पुढे ईशान्येला मोहनगढ. वाटेत बाडमेर रस्त्यावर आकलला पाऊण तास थांबलो. तिथे सुमारे १८ कोटी वर्षांपूर्वीच्या झाडांचे दगड झालेले ओंडके उघड्यावर पडले आहेत. एके काळी इथे जंगल होतं. त्या ओंडक्यांतून डीएनए मिळत नाही, कितीही हात फिरवा. आमच्या डब्यांतल्या काड्यांसाठी मी दोन दिवस जो जीव टाकत होते, त्याचं कारण तिथे हाताला लागलं.

मोहनगढकडे जाताना देखावा पालटला. इंदिरा गांधी कालव्याचं काम १९५८ मध्ये सुरू झालं. पंजाबातल्या हरिके धरणावरून निघालेलं पाणी ६४९ किलोमीटर चालून या भागापर्यंत येतं. दोन्ही बाजूंना मोहरी, गहू आणि कडेला लावलेल्या झाडांच्या रांगा. पाणी पाहून कुणालाही आनंदच होईल, मलाही झाला. मात्र शेतासाठी टेकड्या सपाट केल्या की फोगाला जागा उरत नाही. गडगडणारं बी कालव्यापाशी थांबतं, हिरव्या शेतात रुजू शकत नाही.

सकाळपासून पाच किलोमीटर चालून आम्हाला चारच झुडपं मिळाली. चौथं एका शेताच्या बांधावर एकटंच होतं. शेतकरी मोहरी कापत होते. परवानगी मागितली तर म्हणाले, घ्या की, पुढच्या पाण्याआधी हा बांध सरळ करायचाय, तेव्हा हे जाणारच आहे. त्यांच्या आई घरातून पाणी घेऊन आल्या. त्या म्हणाल्या, “राहू दे रे, माझ्या सासूने यावरचा फोगला वेचलाय.” मुलाने काही उत्तर दिलं नाही. आम्ही काडी चिरली, फांदी दाबली. या झुडपावर फुलं होती, पण फळ एकही नव्हतं. खाली मागच्या वर्षीचं फळ मिळतं का म्हणून वाळू चाळली, तेही मिळालं नाही. मी शेतकऱ्यांचा फोन नंबर वहीत लिहून घेतला. नमुन्याचा क्रमांक मो-४.

सहावा दिवस

परतीचा प्रवास. डबे मांडीवर.

चौदावा दिवस : प्रयोगशाळा

पहिल्या सात नमुन्यांनी अपेक्षेप्रमाणे दगा दिला. द्रव नायट्रोजनमध्ये काड्या कुटल्या, पेशी फोडणाऱ्या सीटॅब या साबणासारख्या द्रव्याच्या ६५ अंशांवरच्या द्रावणात ठेवल्या, क्लोरोफॉर्मने धुतल्या, आणि शेवटी आयसोप्रोपॅनॉल घातल्यावर पांढऱ्या तंतूंऐवजी तपकिरी चिकट गोळा खाली बसला. वाळवंटातली झाडं पाणी धरून ठेवायला बुळबुळीत शर्करा साठवतात आणि जनावरांपासून वाचायला टॅनिनसारखी द्रव्यं. पेशी फुटताच दोन्ही डीएनएला चिकटतात. डीएनए तपासायच्या जेलवर (हे सिलिका जेल नव्हे, ज्यातून डीएनए सरकवून पाहतात ती लिबलिबीत वडी) पट्टी उमटायच्या जागी नुसता धुरकट ओघळ दिसला.

पुढचे चार दिवस फक्त धुण्याचे. सीटॅबच्या आधी पूड सॉर्बिटॉलच्या द्रावणात धुवायची, ते ओतून द्यायचं, पुन्हा धुवायची. तिसऱ्या धुण्यात पाणी जवळजवळ स्वच्छ आलं. टॅनिन बांधून ठेवायला पीव्हीपी वाढवलं. मग उभ्या चिरलेल्या खुडीच्या काड्यांतून आणि मो-४ मधून डीएनए आला तो स्वच्छ, जेलवर वरच्या बाजूला घट्ट पट्टी. पहिल्या सातांपैकी पाच कायमचे गेले. ती झुडपं अजून टेकडीवर आहेत, इतकंच समाधान.

मो-४ चा डीएनए ज्या दिवशी आला त्या दिवशी आम्ही दोघी उशिरापर्यंत थांबलो. त्याची दोनच पुड्यांएवढी काडी होती, आणि परत जाऊन आणता येईल याचा भरवसा नव्हता.

सेहेचाळिसावा दिवस : कडं

क्रमनिर्धारणासाठी, म्हणजे डीएनएची अक्षरं क्रमाने वाचून घेण्यासाठी, पाठवलेल्या नमुन्यांचा डेटा आला. दीडशे-दीडशे अक्षरांचे कोट्यवधी तुकडे, त्यांत केंद्रकातला, मायटोकॉन्ड्रियातला आणि हरितलवकातला डीएनए सगळा मिसळलेला. हरितलवक वेगळं काढायची गरज पडत नाही, कारण हिरव्या पेशीत केंद्रकाच्या जीनोमच्या दोन प्रती असतील तर हरितलवकाच्या हजारो. त्यामुळे थोडासा डेटा घेतला तरी हरितलवकाचं प्रत्येक अक्षर शेकडो वेळा वाचलेलं असतं.

हे काम आज आठवड्याचं झालं आहे. १९८६ मध्ये तंबाखू आणि मार्कान्शिया (शेवाळासारखी एक बिनफुलांची वनस्पती) या दोन वनस्पतींचे हरितलवक-जीनोम पहिल्यांदा पूर्ण वाचले गेले, तेव्हा दोन मोठ्या जपानी गटांनी त्यासाठी वर्षं घातली होती. तंबाखूचा जीनोम सुमारे १,५६,००० अक्षरांचा निघाला. ती मापं अजून उपयोगी पडतात, कारण हरितलवकाचा जीनोम फारसा बदलत नाही. कड्यासारखा गोल, त्यात एक मोठा एकेरी भाग, एक छोटा एकेरी भाग, आणि त्यांच्यामध्ये एकमेकांच्या आरशातल्या प्रतिमेसारखे दोन सारखेच भाग. प्रथिनांची जनुकं ऐंशीच्या आसपास. अब्जाहून अधिक वर्षांपूर्वी एका पेशीने एक नील-हरित जिवाणू पोटात घेतला, तोच पुढे हरितलवक झाला, त्याच्या हजारो जनुकांतली बरीचशी कालांतराने केंद्रकात गेली, आणि मागे राहिली ती एवढीच.

तुकडे जोडून हरितलवकाचा जीनोम उभा करणारा गेटऑर्गनेल हा संगणक प्रोग्राम रात्री लावून ठेवला होता. सकाळी बँडेज या जुळणी दाखवणाऱ्या प्रोग्राममध्ये आलेख उघडला. आधी खुडीचा नमुना. पडद्यावर एक मोठा वळसा, एक लहान वळसा आणि त्यांना जोडणारी एक जाड रेघ, डंबेलसारखा आकार. जाड रेघ म्हणजे ते दोन सारखे भाग, एकमेकांवर बसलेले. तिची खोली, म्हणजे ती किती वेळा वाचली गेली तो आकडा, बरोबर दुप्पट. आजूबाजूला चार-सहा फिके धागे लोंबत होते. हरितलवकाचे जुने तुकडे मायटोकॉन्ड्रियात किंवा केंद्रकात जाऊन राहतात, ते असे मध्ये येतात. पण त्यांची खोली इतकी कमी असते की ते खरे वाटत नाहीत. ते काढल्यावर कडं पूर्ण जुळलं, एक लाख साठ हजारांच्या आसपास अक्षरांचं. उत्तरं दोन आली, छोटा भाग सुलटा आणि उलटा. ही चूक नव्हे, हरितलवकात दोन्ही रूपं एकत्र नांदतात. विद्यार्थिनीने खुर्ची मागे ढकलली आणि नुसती हसली.

मग आरबीसीएल हे जनुक शोधलं. हवेतला कार्बन बांधणाऱ्या रुबिस्को विकराचा मोठा भाग त्यावरून बनतो. साधारण १,४३० अक्षरांचं. लहान भागाचं जनुक केंद्रकात गेलेलं आहे, म्हणजे एकेक विकर बनवायला दोन घरांची माणसं लागतात. त्या उघड्या टेकडीवर, पाऊस वर्षाला जेमतेम वीतभर, आणि काडीतल्या त्या बांगडीएवढ्या कड्यात हे काम चाललेलं असतं. मी ते जनुक पहिल्या अक्षरापासून शेवटपर्यंत पडद्यावर सावकाश सरकवत वाचलं. त्याची गरज नव्हती. वाचावंसं वाटलं.

दुपारी मो-४ लावला. संध्याकाळी तेही कडं जुळलं.

सत्तेचाळिसावा दिवस : पाकीट

दोन कडी समोरासमोर ठेवण्याआधी एक काम उरलं होतं. मो-४ ला फळ नव्हतं, आणि फळाशिवाय जातीचं नाव लिहायला माझा हात धजेना. चुकीच्या नावाखाली ठेवलेला जीनोम पुढच्या प्रत्येक अभ्यासाला चुकीच्या वाटेने नेतो. मी मोहनगढला फोन लावला. बांध झाला का, हे विचारायची मला भीती वाटत होती, म्हणून आधी पिकाचं विचारलं. मोहरी चांगली झाली होती. मग ते आपणच म्हणाले, “मॅडम, बांध सरळ केला, पण ते झुडूप तसंच ठेवलंय. आई ऐकत नाही. तांबडं-पिवळं फळ आलंय.”

मी त्यांना सांगितलं, पाच-सहा फळं कागदात गुंडाळून पाकिटात घाला, ओली असतील तर आधी सावलीत सुकवा, आणि हाताने दाबू नका, केस मोडतात. पत्ता सावकाश सांगितला, त्यांनी तो पुन्हा म्हणून दाखवला.

आठवड्याने पाकीट आलं. आत शाळेच्या वहीचा कागद, त्यात अकरा फळं. प्रत्येक हरभऱ्यापेक्षा जरा मोठं, चहूबाजूंनी फांद्या फुटलेल्या नाजूक केसांचं, मध्ये कडक बी. टेबलावर ठेवलेलं एक फळ पंख्याच्या वाऱ्याने गडगडत कडेपर्यंत गेलं. विद्यार्थिनीने हात आडवा धरला, ते चिमट्याने उचललं आणि मो-४ च्या कागदावर चिकटवायच्या छोट्या पुडीत घातलं. मी पेन्सिलीने खाली तारीख लिहिली.